बंद लखोट्यांतील शिफारस : चोर कोण?

धानोरा, एटापल्ली, सिंदेवाही, गोंडपिपरी या आमच्या जंगलमुलखांतून शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं मुलें हल्लीं शिष्यवृत्तीसाठीं, मोठ्या विद्यापीठांसाठीं, क्वचित् परदेशीं जाण्यासाठींही अर्ज करूं लागलीं आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. अशा अर्जाबरोबर पुष्कळ ठिकाणीं शिक्षकाचें शिफारसपत्र मागतात, आणि तें अर्जदारानें पाहूं नये अशी अट असते. पत्र कोठें बंद लखोट्यांतून जातें, कोठें संगणकावरून परभारें जातें. मग मुलाच्या मनांत पाल चुकचुकते. कोणी लखोट्याला वाफ देऊन तो उघडतो. कोणी, पत्र ज्या दुकानांत टंकून घेतलें तेथल्या ओळखीच्या पोराकडून तें वाचून घेतो. ही चोरी आहे काय?

आमचें उत्तर सरळ आहे : होय, आहे. पाहणार नाहीं असें कबूल करून चोरून पाहणें म्हणजे दिलेला शब्द मोडणें. दुसऱ्याचें पत्र फोडूं नये हें आपल्या न शिकलेल्या आजीलाही ठाऊक होतें. शिवाय चोरी उघडकीस आली तर अर्ज बाद होतो तो मुलाचा, आणि मागून जाणाऱ्या गांवच्या पोरांवरही संशय बसतो.

परंतु एवढ्यावर थांबलों तर अर्धाच न्याय झाला. तोंडावर "शाबास बाळा" म्हणून लखोट्यांत त्याच्या मुळावर घाव घालणारा शिक्षक कोण? पोरानें लखोटा चोरला, यानें तर पोराचा विश्वास चोरला.

बहुजनसमाजाला बंद कागदाचें भय कां वाटतें, हें समजून घेतलें पाहिजे. कागदावर काय लिहिलें आहे हें आमच्या पूर्वजांना कधींच कळूं दिलें नाहीं. कुलकर्णी व कचेरींतले कारकून अडाणी शेतकऱ्याला कागदांत कसे नाडीत, याची हकीगत जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" या ग्रंथांत मांडली आहे. आज नातू शिकला. पण त्याच्या नशिबाचा कागद अजून त्याच्यापासून झांकलेलाच आहे.

कोणी म्हणेल, गुप्तता नसेल तर शिक्षक खरें लिहिणार नाहीं. मग शहरांत काय चालतें तें पाहा. कित्येक साहेबलोक अर्जदारालाच सांगतात, "तूंच लिहून आण, मी सही करतों." तेथें गुप्तता कोठें गेली? म्हणजे हा नियम खरोखर लागू होतो तो ज्याचा काका-मामा मोठ्या जागेवर नाहीं त्यालाच.

न्यायालयांनीं याचा विचार केलेला आहे. माधुरी पाटील यांच्या खटल्यांत १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, जातीच्या दाखल्याच्या तपासणींत दक्षता पथकाचा अहवाल उलट गेल्यास त्याची नक्कल अर्जदाराला देऊन त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे. आमच्या आदिवासी बांधवांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. पुढें २००८ सालीं देवदत्त नांवाच्या अभियंत्याचा खटला निघाला. त्यांच्या गोपनीय अहवालांत एका वर्षीं "चांगला" असा शेरा होता. बढतीला "फार चांगला" लागत होता. शेरा त्यांना कधीं कळविलाच नाहीं. न्यायालयानें सांगितलें, शेरा बरा असो वा वाईट, तो ज्याचा त्याला कळविलाच पाहिजे. २०१३ सालीं तीन न्यायमूर्तींनीं हेंच मत कायम केलें. हे निर्णय सरकारी कागदांचे आहेत, शिफारसपत्राला ते जसेच्या तसे लागू होतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याचा निवाडा होतो त्याला आरोप कळावा, हें तत्त्व दोन्हींकडे एकच आहे.

अमेरिकेंत १९७४ च्या कायद्यानें विद्यार्थ्याला आपले शाळेंतील कागद पाहण्याचा हक्क मिळाला. मात्र शिफारसपत्रापुरता तो लेखी सोडून देतां येतो. तिकडच्या अर्जांत जी खूण करावयास सांगतात ती याचसाठीं. मुलांनो, खूण करण्यापूर्वीं वाचा. केल्यावर मोडूं नका.

मग करावें काय? पत्र मागतांनाच स्पष्ट विचारावें, "गुरुजी, माझ्याविषयीं मनापासून चांगलें लिहितां येईल काय?" गुरुजी अडखळले तर दुसरा शिक्षक पाहावा. आईबापांनींही शाळेंत जाऊन हें विचारण्यास लाजूं नये. शिक्षकबंधूंनीं, जेथें मनाई नाहीं तेथें, पत्र मुलाला वाचून दाखवावें आणि मग बंद करावें. मनाई असेल तर त्याचा दोष निदान तोंडावर सांगावा. शिफारस करवत नसेल तर वेळेवर नकार द्यावा. आडगांवीं दुसरा शिक्षक शोधण्यास दिवस लागतात. आणि पत्र मागणाऱ्या संस्थांनीं, उलट पत्रावरून अर्ज फेटाळण्यापूर्वीं मुलाला एकदां विचारावें.

१९०७ सालीं भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हां कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनीं त्यांना आपण लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें, आणि पुढच्या शिक्षणासाठीं सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनीं शिष्यवृत्ती दिली. जी शिफारस मुलाच्या देखत करतां येते ती लखोट्यांत लपवावी लागत नाहीं. शिक्षकांनीं अशी शिफारस करूं लागावें, म्हणजे लखोटा फोडण्याची बुद्धी मुलांना होणार नाहीं.