हात थांबला की गं!

पोकर रूममध्ये शिरलं की पत्ते दिसायच्या आधी आवाज ऐकू येतो. टिक-टिक-टिक-टिक... कोकणात पावसाळ्यात लाइट गेल्यावर रातकिडे सुरू होतात ना, सेम तसा! टेबलाभोवती आठ-नऊ जण, त्यातल्या निम्म्यांनी पत्ते केव्हाच फेकलेले, आणि प्रत्येकाचा उजवा हात आपला चालूच. चिप्सच्या दोन छोट्या थप्प्या, बोटांची एक चाल, की एक थप्पी. परत दोन. परत एक. याला म्हणतात चिप शफल. आपल्या भाषेत, चिप्स पिसणं.

आता कबुली देऊन टाकते. मी पोकर शिकायच्या आधी हे शिकले. फ्लॅशला स्ट्रेट हरवतो की स्ट्रेटला फ्लॅश, हे कळत नव्हतं तेव्हापासून मला चिप्स पिसता येतात. (फ्लॅश जिंकतो. आता माहितीये!) दोष 'राऊंडर्स' या १९९८च्या पिक्चरचा, आणि २००३ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मेन इव्हेंट जिंकलेल्या ख्रिस मनीमेकरचा. साधा अकाउंटंट माणूस, इंटरनेटवरच्या स्वस्तातल्या स्पर्धेतून लास वेगासला पोचला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. मग जगभरच्या पोरापोरींना वाटायला लागलं, हे तर आपल्यालाही जमेल. पंचवीस लाख नाही जमले तर निदान बोटांची ती स्टाइल तरी.

ती शिकायला खरंच सोपी आहे. सहा चिप्स घ्या, तीन एका रंगाच्या, तीन दुसऱ्या. दोन थप्प्या शेजारी-शेजारी. एका बाजूला अंगठा आणि तर्जनी, दुसऱ्या बाजूला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, आणि मधलं बोट दोन्ही थप्प्यांच्या फटीत. बाहेरून दाबायचं, मधल्या बोटाने हलकेच वर उचलायचं. चिप्स एकाआड एक शिरतात. काचेच्या टेबलावर प्रयत्न करू नका, घसरतात. पलंगावरची चादर बेस्ट. आणि दुकानातल्या त्या प्लास्टिकच्या हलक्या चकत्यांनी मजा येत नाही, कॅसिनोतली चिप साधारण दहा ग्रॅमची असते, ते वजन बोटांना कळतं.

एक गंमत सांगते. चार लाल, चार पांढऱ्या घेऊन अगदी अचूक पिसल्या आणि दर वेळी सगळ्यात खालची चिप तीच राहू दिली, तर तिसऱ्या वेळी लाल लालमध्ये आणि पांढऱ्या पांढऱ्यांत परत येतात. माझ्या रूममेटला मी हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे एवढं करून काहीच झालं नाही?’’ तिला पोकर आवडत नाही.

पण हात चालवण्यामागे कारण आहे. पोकर हा मुख्यतः वाट बघायचा खेळ आहे. शहाणा खेळाडू दहातले सात-आठ डाव सुरुवातीलाच सोडून देतो. उरलेल्या वेळात करणार काय? पिक्चरमध्ये हे दाखवत नाहीत. मग हात स्वतःचं काहीतरी शोधून काढतो, जसं लेक्चरला आपण पेन फिरवायचो. शिवाय चिप म्हणजे नोट नाही. पाचशेची नोट तुम्ही अशी तासभर बोटांवर नाचवाल का? चिप नाचवता. नाचवता नाचवता ते पैसे आहेत हे विसरता, आणि कॅसिनोवाल्याला तेच हवं असतं.

तर, गोवा. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली त्यासाठी कायदा झाला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. ऑगस्ट २०२५च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचं ऑनलाइन पोकरही बंद केलं. आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये हरणारा बिर्याणी मागवतो, बस. त्यामुळे मैत्रिणीच्या लग्नासाठी पणजीला गेले तेव्हा मांडवीत नांगरून ठेवलेल्या त्या लखलखत्या बोटींपैकी एकीवर मी गेलेच. खिशात पंधरा हजार. एका लेखमालेचं मानधन, तीन महिने फोन आणि मेल करकरून मिळालेलं. फ्रीलान्सर मंडळींना या पंधरा हजारांची किंमत सांगायला नको.

टेबलावर बसले आणि लगेच सुरू केलं, टिक-टिक-टिक. दोघा-तिघांनी वर पाहिलं. सॉलिड वाटलं! समोर एक काका होते, साठीचे, पांढरा शर्ट, गुळाच्या व्यापारातलं घर, कोल्हापूरकडचे. त्यांच्या चिप्स देव्हाऱ्यातल्या भांड्यांसारख्या नीट मांडलेल्या. हात टेबलाच्या कडेवर, एकदम गप्प.

अर्ध्या तासाने मला सत्त्यांची जोडी आली आणि मधल्या तीन पत्त्यांत तिसरी सत्ती. याहून चांगलं काय हवं! मी चेहरा दगडासारखा ठेवला, अगदी पोकर फेस. काकांनी आधी पैसे लावले होते, मी वाढवले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली पाहिलं आणि राजांची जोडी उघडी करून फेकून दिली.

‘‘काका, राजे सोडले?’’

‘‘हात थांबला की गं तुझा,’’ ते म्हणाले. ‘‘बसल्यापासनं चाललाय, आत्ताच थांबला.’’

मला कळलंही नव्हतं! घरी येऊन वाचलं तेव्हा सापडलं की २०१३ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये यावर एक अभ्यास आलाय. वर्ल्ड सिरीजच्या खेळाडूंच्या क्लिप्स विद्यार्थ्यांना दाखवून विचारलं, याचे पत्ते किती भारी असतील? फक्त चेहरे बघणाऱ्यांना काही धड ओळखता आलं नाही. ज्यांना चिप्स पुढे सरकवणारे हात तेवढे दाखवले, त्यांचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर आले. एवढं पोकर फेस, पोकर फेस करतात, आणि चुगली करतो हात.

पण बोटीवर मी स्वतःला फार हुशार समजत होते. म्हटलं, आता हेच वापरू. तासाभराने माझ्याकडे चार बदाम जमले, पाचवं आलंच नाही. हातात शून्य. काका पुन्हा समोर. मी पिसता पिसता हात थांबवला. मस्तपैकी. एक श्वास घेतला आणि नऊ हजार पुढे ढकलले.

काकांनी या वेळी घाईच केली नाही. माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग मोजून नऊ हजार ठेवले आणि एक्क्यांची जोडी दाखवली.

‘‘मघाशी हात थांबला होता,’’ ते म्हणाले. ‘‘आत्ता तू थांबवलास.’’

राग येण्याइतकेही ते वाईट वागले नाहीत. नंतर ब्रेकमध्ये वर डेकवर स्वतःहून चहा आणून दिला. त्यांचे आजोबा बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे म्हणे. भाव तोंडाने नाही, बोटाने, आणि बाकीच्यांना दिसू नये म्हणून वर रुमाल. ‘‘रुमाल कशाला असतो? बोटं लपवायला. आन् तू ती टेबलावर नाचवत बसलीयस.’’

‘‘तुम्ही नाही का कधी शिकलात हे?’’

‘‘शिकलो होतो की. चांगलं जमायचं.’’ पुढे काही बोलले नाहीत. समोर पणजीचे दिवे होते, ते बघत चहा संपवला आणि खाली गेले.

मी मात्र परत टेबलावर गेले नाही. माझ्याकडे आठ चिप्स उरल्या होत्या. चार पाचशेच्या, चार शंभरच्या. चोवीसशे रुपये, म्हणजे लाइटबिल, फोनचं बिल आणि मुंबईची परतीची बस. कॅशियरच्या खिडकीशी माझ्यापुढे दोघे होते, म्हणून काउंटरच्या कडेवर दोन थप्प्या केल्या. एकदा पिसल्या. दोनदा. तिसऱ्यांदा शंभरच्या शंभरमध्ये गेल्या, पाचशेच्या पाचशेत.

‘‘मॅडम?’’ खिडकीतला मुलगा म्हणाला.

मी सरकवल्या.