प्लेटिंगची टाकी नको, झिजलेले कोअर बॉक्स गोळा करा

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत धंदा करायचा म्हटलं की प्रत्येकाला फाउंड्री टाकायची असते, नाहीतर सीएनसी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात दोन्ही आधीच रग्गड आहेत. मी म्हणतो, फाउंड्रीत जे झिजतं तिकडे बघा.

कोअर शूटर हवेच्या दाबाने वाळू कोअर बॉक्समध्ये मारतो, दिवसभर. ती वाळू पोलाद खाते, आणि सगळ्यात आधी नोझलसमोरची जागा. मग कोअर जाड होतो, कास्टिंगची भिंत पातळ होते, माल रिजेक्ट. यावर जुना उपाय आहे हार्ड क्रोम. कडक केलेलं डाय स्टील साधारण 45 ते 50 एचआरसी, क्रोमचा थर 65 ते 70. थर झिजला की उतरवायचा, पॉलिश मारायचं, परत चढवायचा. खालचं पोलाद शाबूत.

पण क्रोमची एक खोड आहे. करंट कडांना जास्त जातो, म्हणून कोपऱ्यावर थर जाड आणि खोल खाचेत जवळपास नाहीच. तिथे इलेक्ट्रोलेस निकेल घ्या. त्याला वीज लागत नाही, थर सगळीकडे सारखा बसतो आणि 400 अंशांवर तासभर भाजला की कडकपणा क्रोमच्या जवळ जातो. आणि बघा, 50 मायक्रॉनचा थर समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर म्हणजे माप 0.1 मिमीने कमी. हे आधी धरलं नाही तर गिऱ्हाईक तुमच्याशी भांडणार, प्लेटरशी नाही.

ॲल्युमिनियम प्रेशर डायकास्टिंगवाल्यांकडे मात्र क्रोम घेऊन जाऊ नका. तिथली डाय दर शॉटला तापते, गार होते आणि तडकते. क्रोम ते थांबवत नाही. त्यांना नायट्रायडिंग किंवा पीव्हीडी लागतं.

आता माझं ठाम मत. स्वतःची क्रोमची टाकी बसवू नका. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सर करतं, इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल श्रेणीत येतं, सांडपाणी आणि गाळ दोन्ही तुमच्या गळ्यात. पंचगंगेचं काय झालंय ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या धंद्याला हे ओझं कशाला? दुरुस्ती, पॉलिश, मोजमाप तुम्ही करा. थर संमतीपत्र असलेल्या प्लेटरकडून चढवून घ्या. जाडी मोजायचं गेज तेवढं स्वतःचं ठेवा.

सुरुवातीला एकाच फाउंड्रीकडून एकच बॉक्स मागा, भंगारात निघालेला. थराआधी त्यावर किती कोअर निघत होते आणि नंतर किती निघाले, वहीत लिहा. दर त्या वहीवरून सांगा, किलोवर नको.