निजानीज परत आणू या

पालकहो, शाळा उघडायला जेमतेम पंधरा दिवस राहिलेत. वह्या-पुस्तकं, दप्तर, रेनकोट यांची खरेदी चालली असेल. त्या यादीत नसलेली एक गोष्ट आजच मनावर घ्या, अशी हात जोडून विनंती आहे. ती म्हणजे मुलांची झोप. सुट्टीभर अकरा-बाराला झोपून उन्हं वर आल्यावर उठणारं मूल सुट्टीच्या शेवटच्या रात्री कितीही दटावलं तरी नऊला झोपत नाही. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे, अशा बेताने आज सुरुवात केली, सकाळीही तेवढंच लवकर उठवून उजेडात नेलं, तर अकराला झोपणारं मूल पंधरा दिवसांत सव्वानऊपर्यंत येतं. अजून आठवडा दवडला तर तेही जमायचं नाही.

मी अठ्ठावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. झोप न झालेली सगळीच मुलं पेंगत नाहीत, हे मलाही फार उशिरा कळलं. मोठं माणूस जागरणाने सुस्तावतं, लहान मूल पुष्कळदा उलट अंगात वारं भरल्यासारखं वागतं. जागेवर बसत नाही, शेजारच्याची पट्टी ओढतं, एवढ्या-तेवढ्यावरून भोकाड पसरतं. आपण त्याला द्वाड म्हणतो आणि वहीवर शेरा लिहितो.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. शुद्धलेखनाच्या पहिल्या दोन ओळी ठसठशीत असायच्या. तिसऱ्या ओळीपासून अक्षर घसरू लागे आणि पानाच्या कडेशी पेन्सिलीची एक लांब रेघ उमटलेली असे. हात तिथेच थांबलेला, डोळे मिटलेले. मी त्याला कितीदा तरी उभं केलं. आईला बोलावलं, तर ती म्हणाली, "बाई, चांगला दहा तास झोपतो हो. आजोबांवर गेलाय, असा घोरतो की बाहेरच्या खोलीत ऐकू येतं." ते घोरणं ना तिला खटकलं, ना मला. पुढे वर्षभराने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नाकामागची ॲडेनॉइडची गाठ आणि टॉन्सिल वाढल्यामुळे रात्री त्याचा श्वास अडतो. श्वास अडला की मेंदू त्याला गाढ झोपेतून वर ओढायचा, रात्रीतून अनेकदा. अंथरुणात दहा तास जात होते, पण झोप होत नव्हती. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या वहीतली ती रेघ दिसेनाशी झाली. मी केलेल्या शिक्षा मात्र त्याने भोगलेल्याच होत्या. ते मला अजून टोचतं.

म्हणून कळकळीने सांगते, लहान मुलाचं रोजचं घोरणं कौतुकाने घेऊ नका. सर्दीत चार दिवस घोरलं तर गोष्ट वेगळी. पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून आणि मान मागे ताणून झोपत असेल, मध्येच श्वास थांबून दचकत असेल, घामाने उशी ओली होत असेल, अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा करू लागलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जाताना मोबाइलवर त्याच्या झोपेचं दोन मिनिटांचं चित्रण करून न्या. दवाखान्यात मूल जागं असतं, तिथे हे कसं दिसणार? रात्री पाय सतत हलवणाऱ्या, झोप न लागणाऱ्या काही मुलांमध्ये लोहाची कमतरता निघते, तीही तपासता येते. आणि एक करू नका. मूल झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजू नका, मेलाटोनिनच्या गोळ्या मनाने देऊ नका.

झोप किती हवी? तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास, तेरा ते अठरा वयात 8 ते 10 तास. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, वाढीच्या संप्रेरकाचा मोठा भाग गाढ झोपेत स्रवतो. आता हिशेब करा. शाळा सातची, व्हॅन सव्वासहाला, म्हणजे मूल साडेपाचला उठणार. सहा वर्षांच्या पोराला निदान नऊ तास द्यायचे, तर साडेआठला त्याची पाठ टेकायला हवी. त्या वेळी घरी कुकरही लागलेला नसतो.

पूर्वी घरात निजानीज होत असे. जेवणं, झाकपाक, अंथरुणं, मग दिवे मालवले जात आणि सगळं घर आडवं होई. मुलाला 'झोप' असं वेगळं सांगावं लागत नसे. आज आपण टीव्ही चालू ठेवून, हातात मोबाइल धरून त्याला एकट्याला झोपायला पाठवतो. पलीकडे सगळी जागी असताना मूल का म्हणून झोपेल? दोन खोल्यांच्या घरात, उशिराच्या लोकलने येणाऱ्या आई-बापांना हे किती अवघड आहे, ते मी जाणते. तरी मुलाचं जेवण तुमच्यासाठी अडवून ठेवू नका. झोपेआधीचा एक तास घरातला कुठलाच पडदा उजळू देऊ नका, मोठ्यांचासुद्धा. दोन वर्षांखालच्या बाळाला तर मोबाइल दाखवूच नका, भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. वयात आलेली मुलं उशिरा झोपतात तो निव्वळ आळस नव्हे, त्या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. क्लासवाल्यांनो, रात्री नऊपर्यंत आणि पुन्हा पहाटे सहाला त्यांना बोलावू नका.

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत, असं राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितलं. तुमच्या शाळेत ते झालं नसेल, तर शाळा उघडण्याआधीच चार-सहा पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा. दोन सत्रं, बसच्या फेऱ्या या अडचणी खऱ्या आहेत. त्या सोडवायलाही पालकांनीच सोबत बसायला हवं.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तुम्हीही कुणाचे काका-मामा आहात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, सवलतीच्या मोजक्या रात्री सोडून. मिरवणुकीच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर एखादं तान्हं असतं, त्याच्या खिडकीची तावदानं थरथरत असतात. दहाला आवाज खरोखर बंद करा. होत नसेल तर शेजाऱ्यांनो, 112 ला फोन करा. तक्रार करणाऱ्याचं नाव पोलिसांनी उघड करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलं आहे.

आजच सुरुवात करा. पंधरा मिनिटं आधी अंथरुणं घाला, वायफाय बंद करा, दिवे मालवा. मूल झोपलं की पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि त्याचा श्वास ऐका.