माझा, माझा!

उंच उडालेल्या झेलाखाली दोन पोरं धावतात, दोघंही ‘माझा, माझा!’ ओरडतात आणि चेंडू मधोमध टपकतो. आपल्या मैदानांवर हे दर रविवारचं. 1888 साली वॉशिंग्टनच्या बेसबॉल संघात दाखल झालेल्या विल्यम हॉयला मात्र हा घोळ परवडणारा नव्हता. मेंदूज्वरानं लहानपणीच त्याचे कान गेलेले, आणि खेळायचा तो सेंटर फील्डला, चहूबाजूंनी सहकारी धावून येतात अशा जागी. त्यानं भिंतीवर एक सूचनाच लावली. मथितार्थ असा: झेल माझा असेल तर मी ओरडेन, तुम्ही बाजूला व्हा, आवाज आला नाही तर मी त्या चेंडूमागे नाही असं समजा. ऐकण्याचं काम ज्यांना कान आहेत त्यांच्याकडे! हा रोखठोकपणा मला फार आवडतो.

त्याच मोसमात 82 बेस चोरून तो नॅशनल लीगमध्ये पहिला आला. पुढच्या जूनमध्ये इंडियानापोलिसविरुद्ध एकाच सामन्यात त्यानं तीन धावपटूंना होम प्लेटवर बाद केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डीपमधून थेट कीपरकडे तीन थ्रो, तीन रनआउट. आणि गडी होता साडेपाच फुटांच्या आतबाहेरचा, शिक्षणानंतर ओहायोत चपला-बूट दुरुस्त करणारा.

सांगितली जाते ती गोष्ट वेगळीच: अंपायरचे हातवारे म्हणे हॉयमुळे आले. तिसऱ्या बेसजवळचा कोच त्याला बॉल की स्ट्राइक हे हातानं खुणावायचा, इथवर ठीक. पण अंपायरांचे इशारे सर्रास सुरू झाले ते तो मोठ्या लीगमधून बाहेर पडल्यावर. अपंग माणसानं जगाला काहीतरी ‘देणगी’ दिलीच पाहिजे, हा आपला हट्ट. दोन हजारांवर हिट्स पुरेशा नाहीत का?

त्याला सगळे ‘डमी’ म्हणत, म्हणजे मुका. तेव्हाच्या बहिऱ्या खेळाडूंना सरसकट हेच नाव चिकटे. आपल्या गावांतही मुक्या, लंगड्या अशा हाका ऐकलेल्या असल्यानं मी अमेरिकेला फार नावं ठेवत नाही. हॉयनं ते नाव मिरवलं, हा त्याचा प्रश्न.

ऑक्टोबर 1961 मध्ये सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फील्डवर वर्ल्ड सीरिजच्या सामन्याआधी पहिला चेंडू त्यानं टाकला, वयाच्या 99व्या वर्षी. डिसेंबरात तो गेला. कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला अजून जागा नाही. तिथल्या मतदारांनी हातवाऱ्यांची कथा बाजूला ठेवावी आणि ते तीन थ्रो मोजावेत.

— थर्ड मॅन