गाडीत ब्लूटूथ जोडलं, म्हणजे झालं का?



आपल्या परभणी जिल्ह्यात शिक्षक आणि रस्ता यांचं नातं जुनं आहे. जिंतूर असो, सेलू असो, गंगाखेड असो की पालम, रोजचं अप-डाऊन फार थोड्यांना चुकलंय. आता चौघं-पाच जण मिळून एका कारने जातात आणि पेट्रोलचे पैसे वाटून घेतात. कारमध्ये टचस्क्रीन असते, फोन ब्लूटूथने जोडलेला असतो. रिंग वाजली की स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं आणि बोलायला सुरुवात. वर म्हणायचं, "हात तर मोकळेच आहेत की!" आज याच वाक्याबद्दल लिहितोय.

आधी ही सोय चालते कशी ते पाहू. ब्लूटूथ म्हणजे जवळच्या अंतरावर चालणाऱ्या रेडिओ लहरी. १९९४ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत हे काम सुरू झालं. नाव मात्र दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचं. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही लहर वेगवेगळ्या उपकरणांना एकत्र आणते, अशी त्यामागची कल्पना. पहिल्यांदा जोडताना फोनवर आणि गाडीच्या स्क्रीनवर सहसा सहा अंकी सारखाच नंबर दिसतो. तो जुळतोय हे बघून दोन्हीकडे होकार द्यायचा. मग दोघं एकमेकांची ओळख साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी आपोआप जोडले जातात. कॉल फोनवरच येतो, फक्त आवाज गाडीच्या स्पीकरमधून निघतो आणि आपलं बोलणं गाडीतला माइक पकडतो. गाडी जुनी असेल, तर वेगळं हँड्सफ्री किट बसवता येतं.

सोय चांगली आहे, यात वाद नाही. मान वाकडी करून खांद्यात फोन धरण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण एक प्रश्न विचारतो. गाडी हात चालवतात की डोकं?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलंय. कलम १८४ प्रमाणे पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याचा शब्द 'हातात धरलेला' असा आहे. त्यामुळे ब्लूटूथवर बोलणाऱ्याला वाटतं, आपण सुटलो. पावतीतून सुटलो असू, पण धोक्यातून नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात फोन वापरणाऱ्या वाहनचालकांचा अभ्यास झाला होता, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असं त्यात आढळलं. आणि हँड्सफ्री वापरणारे त्यात अधिक सुरक्षित आहेत, असं काही दिसलं नाही.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोललेलं चालतं, ते कसं? कारण शेजारच्याला रस्ता दिसतो. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला की तो आपोआप गप्प होतो, उलट "सर, जरा हळू" म्हणतो. फोनवरच्या माणसाला ट्रॅक्टरही दिसत नाही आणि रस्ता ओलांडणारी पोरंही दिसत नाहीत. तो बोलतच राहतो, आणि आपण उत्तर शोधत बसतो.

वर्गात करतो तसं एक गणित करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत ५० मीटर! "पटावर किती मुलं आहेत?" हे आठवायला तीन सेकंद सहज लागतात. तेवढ्यात शाळेचं अख्खं मैदान मागे पडलेलं असतं.

आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे. हा दोष फक्त फोन उचलणाऱ्याचा नाही, फोन करणाऱ्याचाही आहे. सकाळी साडेनऊ-दहाच्या वेळेत शिक्षक रस्त्यावर असतात, हे आपल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी नेमकं तेव्हाच "माहिती तातडीने सांगा" असे फोन येतात. अधिकारी करतात, मुख्याध्यापक करतात, सहकारी करतात आणि घरचेही करतात. समोरचा उचलतोय म्हणजे तो मोकळाच आहे, असं आपण धरून चालतो. ब्लूटूथने ही अपेक्षा आणखी वाढवली आहे.

म्हणून माझं मत असं: ब्लूटूथ जरूर जोडा, पण गाडी उभी असताना जोडा. चालत्या गाडीत स्क्रीनशी खेळू नका. कॉल उचललाच, तर एवढंच बोला, "गाडी चालवतोय, पोचल्यावर करतो." गाडीत सोबती असतील तर फोन त्यांच्याकडे द्या. आणि आपण कुणाला फोन केला, तर पहिला प्रश्न हा विचारा, "गाडी चालवताय का?" उत्तर 'हो' आलं की लगेच ठेवून द्या. त्याने मनाला लावून घेऊ नये, आणि आपणही घेऊ नये.

शाळेची माहिती अर्ध्या तासाने गेली तरी चालते. पण दारात वाट बघणाऱ्या पोरांना त्यांचे गुरुजी धडधाकट पोचलेले हवे असतात.