जंगल राखायचे गावाने, तिजोरी मात्र खात्याची!

जंगल राखण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर संसदेने २००६ साली वनहक्क कायदा संमत करून दिले. सामूहिक वनाचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क आहे, असे हा कायदा निःसंदिग्धपणे सांगतो. परंतु त्यासाठी लागणारा पैसा कोणाच्या हाती, या प्रश्नावर राज्यकर्ते सोयीस्कर मौन पाळून आहेत.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तरीही गावाच्या बांबूला वाहतूक परवाना देण्याचे वनखात्याने नाकारले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा कोठे परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले! कायद्याने दिलेले नोकरशाही कसे अडवून धरते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

निधीच्या बाबतीत हीच कहाणी आहे. खाणी, धरणे व कारखाने यांना वनजमीन देताना वसूल केलेली भरपाई वर्षानुवर्षे साचत गेली. २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याने तिचा ९० टक्के वाटा राज्यांना दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७,४३६ कोटी रुपये राज्यांकडे वर्ग केले. महाराष्ट्राला ३,८४४ कोटी मिळाले. ज्यांचे जंगल गेले, त्यांच्याच नुकसानीचा हा पैसा. पण खर्चाचा आराखडा आखणार वनखाते! २०१८ च्या नियमांत ग्रामसभा ‘किंवा’ वनसमिती यांच्याशी सल्लामसलतीची तरतूद आहे. या एका ‘किंवा’मध्ये सारी मेख आहे, कारण वनसमिती ही बहुतांशी खात्याच्याच छायेत वाढलेली.

ग्रामसभांना हिशेब जमत नाही, असा कांगावा केला जातो. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात, मजुरी स्वतः वाटतात. मग त्यांना उत्पन्न आहे, निधी कशाला, असा दुसरा सवाल येतो. तेंदू-बांबूचा भाव बाजारावर हेलकावे खातो. वणवा आणि दुष्काळ मात्र भाव पाहून येत नाहीत. जाळरेषा दरवर्षी काढाव्याच लागतात. बांधबंदिस्ती, रोपवाटिका व राखण यांना खंड चालत नाही. आणि ज्या गावाच्या वाट्याला उजाड वन आले, त्याने पहिली काही वर्षे कशावर काढावी?

राजस्थानातील ओरणे गावांनी देवाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखली. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मोजणी करून वन म्हणून नोंद करण्याचा आदेश दिला. हे स्वागतार्ह आहे. परंतु नोंद होताच खात्याचे कुंपण पडणार असेल, तर गुराख्याच्या पदरी काय पडले? उलट २०२३ च्या ग्रीन क्रेडिट योजनेने ‘ऱ्हास पावलेली’ वनजमीन कंपन्यांच्या वृक्षारोपणाला खुली केली. गावाचे चराऊ रान या व्याख्येत सहज बसते!

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सामूहिक हक्काच्या क्षेत्रात ग्रामसभेने मंजूर केलेला आराखडा हाच खर्चाचा आधार ठरावा. भरपाई निधीचा वाटा थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावा. हिशेबतपासणी गावासमोर उघड व्हावी. हे औदार्य नव्हे, हे देणे आहे. आणि संघटित रेट्यावाचून कोणतेही सरकार आपले देणे फेडीत नसते!