पोरांना पाण्यापासून लांब ठेवू नका, गळ टाकायला शिकवा

मंडळी, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या धंद्यात एक बातमी हमखास लिहावी लागते. गाव बदलतं, तालुका बदलतो, बातमी तीच. शेततळ्यात बुडून मुलांचा मृत्यू. मग निवेदनं, मग ‘पाण्यात उतरू नये’ असा एखादा फलक, आणि आठवड्यात सगळे आपापल्या कामाला.

फलक लावा, तारेचं कुंपण तर लावाच. पण पोराला पाणी कळत नसेल तर कुंपण किती दिवस पुरणार? आणि पाणी शिकवणारी आपल्याकडची सगळ्यात स्वस्त शाळा होती आजोबांच्या हातातला गळ. ती शाळा आपणच बंद पाडली.

काय लागायचं तिला? बांबूची काठी, पाच-सहा हात तंगूस, एक गळ, वजनाला सायकलचा जुना नट आणि तरंगायला ज्वारीच्या धाटाचा तुकडा. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. नातवाला नाहीतर नातीला शेजारी बसवायचं. आजोबा आधी काठी पाण्यात खुपसून खोली दाखवायचे. शेवाळावर पाय ठेवू नको, सावली पाण्यावर पाडू नको, एकट्यानं कधी यायचं नाही, हे सगळं मासा लागायची वाट बघता बघता डोक्यात जायचं. बोटभर मासा लागला तर हात ओला करून सोडून द्यायचा. आणि कुणी पाण्यात पडलंच तर मागं उडी टाकायची नाही. काठावर पालथं पडून काठी पुढं करायची आणि मोठ्यानं ओरडायचं. आपल्याकडं एकामागं एक दोन-तीन पोरं का जातात? पहिल्याला वाचवायला बाकीची उडी मारतात म्हणून. हा धडा आज कोणत्या इयत्तेत आहे, सांगा.

आता ही शाळा भरवायची कुठं? जालन्याची कुंडलिका गटार झाली. अंबड-घनसावंगीकडं गोदावरीत आणि जाफराबादकडं पूर्णेत वाळूवाल्यांनी असे खड्डे पाडलेत की कालपर्यंत गुडघाभर असलेल्या पाण्यात आज पुरुषभर खोल निघतं. ज्या आजोबांनी ती नदी पन्नास वर्षं पाहिली, त्यांनाही आता तिचा तळ सांगता येत नाही.

त्यात 2012-13 चा दुष्काळ. तलावांत पाणीच नव्हतं, गळ टाकणार कुठं? पुढं पाणी आलं ते शेततळ्यांतून. 2016 ची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना, 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. शेततळ्यानं फळबागा जगवल्या, त्याला नावं ठेवणार नाही. पण नदीचा काठ हळूहळू उतरतो, शेततळं एकदम उतरतं, आणि आत 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरलेला. पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धरायला काही नाही. म्हणजे पाणी परत आलं, काठ आला नाही. एक अख्खी पिढी पाण्याशी ओळख न होता पाण्याशेजारी वाढली.

काही जण म्हणतील, हे भोयांचं काम, आपली पोरं स्पर्धा परीक्षा देणार. अहो, बुडताना पाणी जात विचारत नाही आणि टक्केवारीही विचारत नाही. आणि हेच लोक संध्याकाळी पोरं मोबाईल सोडत नाहीत म्हणून रडतात.

दुसरा आक्षेप रास्त आहे. तलाव मच्छीमार संस्थांकडं ठेक्यानं असतात, बीज ते सोडतात, त्यावर त्यांची चूल पेटते. बरोबर. म्हणून विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. पण एका गळावर बसलेल्या आजोबा-नातवानं संस्था बुडत नाही; संस्थेचं नुकसान होतं ते पाण्यात जिलेटीन आणि विष टाकणाऱ्यांमुळं. ते तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. हुसकायचंच तर त्यांना हुसका.

मागणी साधी आहे. ग्रामपंचायतींनी मच्छीमार संस्थेशी बोलून पाझर तलावाचा एक उथळ, उतरता काठ मोठ्या माणसांसोबत येणाऱ्या मुलांसाठी ठेवावा. तिथं दोर आणि हवा भरलेली ट्यूब टांगावी. प्रत्येक शेततळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडावेत. शेतकऱ्याला हे करायला अनुदानाची वाट बघायची गरज नाही. आणि तहसीलदार साहेब, नदीतले वाळूचे खड्डे पंचनामा झाल्यावर मोजण्यापेक्षा आधी मोजा.

राहिले आपण. घरात आजोबा असतील तर या रविवारी त्यांना तंगूस आणि गळ आणून द्या, शंभर रुपयेही लागणार नाहीत. मासा नाही लागला तरी चालेल.

तुमच्या गावात असा सुरक्षित काठ उरला असेल तर खाली गावाचं नाव लिहा. नसेल तर तेही लिहा. यादी घेऊन आपणच पंचायत समितीत जाऊ.